जाहिरातीत पैसे घालण्याआधी: वेबसाइटचे आकडे आणि गूगलची जाहिरात, बेळगाव-निपाणी-अथणीच्या विक्रेत्यांसाठी

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीच्या धर्तीच्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडे गदारोळ झाला. त्या गदारोळात अनेकांना पहिल्यांदाच कळलं की कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. अथणी आणि निपाणी भागातला कारागीर त्यात हक्काने येतो.

मालाची अशी चर्चा झाली की वेबसाइट काढून गूगलवर जाहिरात द्यावीशी वाटते. चपलांचंच नव्हे, शहापूर-वडगावच्या साड्या, गोकाकचा करदंट, बेळगावचा कुंदा, सगळ्यांच्या बाबतीत हेच होतं. पुढचा अनुभवही बहुधा सारखाच असतो. महिन्याला दहा हजार जातात, क्लिक हजारोंनी दिसतात आणि ऑर्डरी बोटांवर मोजण्याइतक्या येतात. मग 'ऑनलाइन आपलं काम नव्हे' असं म्हणून धंदा जुन्या वाटेला लागतो. माल चांगला असूनही हे होतं याचं वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा क्रमाचा असतो. आधी मोजणी बसवायची, मग फुकटची वाट, म्हणजे गूगलच्या शोधात पैसे न देता दिसणं, पक्की करायची, पैसे त्यानंतर घालायचे. बरेच जण नेमकं उलट करतात.

वेबसाइटचे आकडे म्हणजे काय

गूगल ॲनालिटिक्स हे फुकट मिळणारं साधन आहे. वेबसाइटच्या प्रत्येक पानात एक छोटा कोड घालायचा, त्याला टॅग म्हणतात. कुणी पान उघडलं की हा टॅग गूगलला कळवतो: पान कोणतं, माणूस कुठून आला, किती वेळ थांबला, काय दाबलं. सध्याच्या आवृत्तीला जीए-फोर म्हणतात. जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ ला बंद झाली. त्याआधीचे शिकवणीचे व्हिडिओ पाहून काम करायला गेलात तर पडदा जुळणार नाही आणि उगाच डोकं फिरेल, म्हणून व्हिडिओची तारीख आधी बघा.

तीन शब्द पुरतात. युजर म्हणजे येणारा माणूस, खरं तर त्याचा मोबाइल किंवा ब्राउझर. एकच माणूस फोनवरून आणि कंप्युटरवरून आला तर तो बहुधा दोनदा मोजला जातो. सेशन म्हणजे त्याची एक फेरी. अर्धा तास काही हालचाल झाली नाही की ती संपली असं धरलं जातं. इव्हेंट म्हणजे त्या फेरीत त्याने केलेली कोणतीही कृती. फेरी दहा सेकंदांहून जास्त चालली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती घडली, तर तिला 'एंगेज्ड' म्हणतात. एंगेज्ड फेऱ्यांचं प्रमाण एकूण भेटींच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त बोलकं असतं.

खातं उघडताना चार गोष्टी नीट करा. वेळ भारताची आणि चलन रुपया निवडा, नाहीतर रात्रीच्या ऑर्डरी भलत्याच तारखेला दिसतात. तपशीलवार माहिती जपण्याची मुदत आपोआप दोन महिने असते, ती ॲडमिनमध्ये जाऊन चौदा महिने करा. नाहीतर या दिवाळीची बारकाईने तुलना मागच्या दिवाळीशी करता येत नाही. दुकानातल्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता 'इंटर्नल ट्रॅफिक' म्हणून नोंदवा. घरची माणसं दिवसातून दहा वेळा साइट उघडतात आणि तेच गिऱ्हाईक म्हणून मोजले जातात. मात्र ही चाळणी सुरुवातीला 'टेस्टिंग' अवस्थेत असते, ती 'ॲक्टिव्ह' केल्याशिवाय काहीच गाळत नाही. आणि टॅग एकदाच घाला. साइट बनवणाऱ्याने एकदा हाताने आणि एकदा प्लगइनमधून घातला की प्रत्येक पान दोनदा मोजलं जातं. एंगेज्ड प्रमाण संशय यावा इतकं, शंभर टक्क्यांच्या आसपास दिसलं तर पहिल्यांदा हेच तपासा.

'ऑर्डर तर व्हाट्सॲपवर येते, मग मोजायचं काय?'

ही शंका रास्त आहे. आपल्या भागात गिऱ्हाईक साइटवर चपलेचा फोटो बघतं आणि व्हाट्सॲपवर विचारतं, 'नऊ नंबर आहे काय? कापशी डिझाइन दाखवा.' पैसे यूपीआयने येतात. साइटवर 'ऑर्डर झाली' असं पान कधी उघडतच नाही, त्यामुळे ॲनालिटिक्सला विक्री शून्य दिसते. सगळी गोम इथे आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

व्हाट्सॲपच्या बटणावर दाबलं की माणूस तुमच्या साइटबाहेर जातो. 'एन्हान्स्ड मेजरमेंट' ही ॲनालिटिक्समधली आपोआप मोजणीची सोय चालू असेल तर जीए-फोर हे 'क्लिक' नावाचा इव्हेंट म्हणून आपोआप टिपतं आणि सोबत तो कुठल्या डोमेनकडे, म्हणजे कुठल्या साइटच्या पत्त्याकडे गेला हेही टिपतं. ॲडमिनमधल्या इव्हेंटच्या भागात नवा इव्हेंट तयार करा. अट घाला: इव्हेंटचं नाव 'क्लिक' आणि लिंकचा डोमेन व्हाट्सॲपचा. डोमेन हाताने टाइप करू नका, बटणामागची लिंक उघडून तिथला उचला, कारण व्हाट्सॲपच्या लिंका दोन-तीन प्रकारच्या असतात. नव्या इव्हेंटला 'व्हाट्सॲप चौकशी' अशा अर्थाचं नाव द्या आणि त्याला 'की इव्हेंट' म्हणून खूण करा. यालाच आधी कन्व्हर्जन म्हणत. स्वतः बटण दाबून 'रिअलटाइम'मध्ये तो दिसतो का बघा. नेहमीच्या अहवालात यायला एक-दोन दिवस लागतात, तेवढ्यात बिघडलं म्हणून कोड काढून टाकू नका.

फोनच्या नंबरवर दाबणं मात्र आपोआप टिपलं जात नाही. त्यासाठी गूगल टॅग मॅनेजर या टॅग सांभाळण्याच्या साधनात वेगळा नियम लिहावा लागतो. साइट बनवणाऱ्याकडून हे काम पहिल्याच बिलात करून घ्या, काम थोड्या वेळाचं आहे.

आता चौकशी आली कुठून? व्हाट्सॲपच्या गटात किंवा स्टेटसवर टाकलेल्या लिंकवरून येणारी माणसं बहुतेक वेळा 'डायरेक्ट', म्हणजे कुठून आली ते न कळलेल्यांच्या, खात्यात जातात. म्हणजे पाहुण्यांच्या गटात फिरलेल्या फोटोचं श्रेय कुणालाच मिळत नाही. यावर उपाय यूटीएमचा. लिंकच्या शेवटी स्रोत, माध्यम आणि मोहीम अशी तीन लेबलं चिकटवायची. गूगलचं 'कॅम्पेन यूआरएल बिल्डर' ती तयार करून देतं. स्टेटसची लिंक वेगळी, इन्स्टाग्रामची वेगळी, चपलेच्या खोक्यावरच्या क्यूआर कोडची वेगळी. लेबलं नेहमी लहान इंग्रजी अक्षरांतच लिहा. मोठी आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात आणि एकाच स्रोताच्या दोन ओळी होतात.

एवढं करूनही शेवटचा टप्पा हातानेच मोजावा लागतो. बटणामागच्या लिंकमध्ये तयार मजकूर घालता येतो. जाहिरातीसाठीच्या पानावर 'कापशी, के-१२' आणि नेहमीच्या पानावर 'कापशी, के-११' असा छोटा खुणेचा आकडा घाला. मेसेज आला की खूण वहीत लिहा आणि त्यापुढे माल गेला का, रक्कम किती, पिनकोड काय, हे लिहा. पिनकोड महत्त्वाचा का, ते पुढे येईल.

गिऱ्हाईक शोधतं कुठल्या अक्षरांत?

सर्च कन्सोल हे गूगलचं दुसरं फुकट साधन. ॲनालिटिक्स माणूस साइटवर आल्यानंतरचं सांगतं, सर्च कन्सोल त्याआधीचं. लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचं पान दिसलं, कितव्या क्रमांकावर दिसलं आणि किती जणांनी दाबलं, याचा सोळा महिन्यांचा हिशोब त्यात राहतो.

सीमाभागात हा हिशोब फार रंजक निघतो. बेळगाव शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदलून बेळगावी झालं, पण बोटांची सवय बदललेली नाही. कुणी रोमन अक्षरांत जुनं स्पेलिंग लिहितं, कुणी नवं, कुणी नव्यातलं एक अक्षर गाळतं. मराठी माणूस देवनागरीत बेळगाव लिहितो, हिंदीवाला बेलगाम, आणि कन्नड माणूस कन्नड लिपीत शोधतो. गूगल यातली बरीच रूपं एकमेकांशी जुळवतं, सगळी नाही. म्हणून पत्त्यात, 'आमच्याविषयी' पानात आणि दोन-तीन वस्तूंच्या वर्णनात ही रूपं सहज वाक्यात येऊ द्या. तळाशी नावांची रास ओतू नका. गूगल तिला भरणा समजतं आणि वाचणाऱ्यालाही ती खटकते.

कन्नड गिऱ्हाईक हवं असेल तर कन्नड पान वेगळ्या पत्त्यावर करा. एकाच पानात अर्धा मजकूर मराठी आणि अर्धा कन्नड असला की ते कुठल्या भाषेचं, हे गूगलला ठरवता येत नाही. आणखी एक चूक सर्रास दिसते: भाव, माप, चामड्याची माहिती, सगळं एका सुंदर पोस्टरवर छापून फोटो म्हणून टाकलेलं. फोटोतल्या मजकुरावर शोधात भरवसा ठेवता येत नाही. 'बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, हाताने शिवलेली, करकर वाजणारी' हे अक्षरांत लिहा, कारण लोक नेमकं असंच शोधतात.

महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमध्ये आठव्या ते विसाव्या क्रमांकावर रेंगाळणारे शोध काढा. तिथे मागणी आहे आणि तुम्ही उंबरठ्यावर आहात. त्या पानाचं शीर्षक नीट केलं, मापाचा तक्ता घातला, खऱ्या मालाचे चार फोटो जोडले, तर पान काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वर सरकू शकतं. ज्या शोधात तुम्ही आधीच पहिले-दुसरे आहात, त्यावर जाहिरातीचे पैसे घालायची घाई करू नका.

पैसे देऊन वर येताना: सौदा कसा लागतो

शोधाच्या निकालात 'प्रायोजित' म्हणून दिसणाऱ्या ओळी म्हणजे गूगल ॲड्स. जाहिरात दिसल्याचे पैसे नाहीत, दाबल्याचे आहेत. प्रत्येक शोधाला त्या क्षणी एक लिलाव होतो. मार्केट यार्डातल्या सौद्यात ज्याची बोली मोठी त्याला बटाट्याची थप्पी मिळते. इथे बोलीसोबत जाहिरात शोधाशी किती जुळते, लोक ती दाबतील का आणि दाबल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, हेही तोललं जातं. त्याची ढोबळ खूण म्हणून गूगल एक ते दहा असा गुणांक दाखवतं. चांगल्या पानाला कमी बोलीतही वरची जागा मिळते. फोनवर आठ सेकंद घेऊन उघडणारं पान असेल तर दर चढतो आणि माणूसही परत जातो.

खातं उघडताना गूगल 'स्मार्ट' मोहिमेकडे ढकलतं. तिथून 'एक्स्पर्ट मोड'मध्ये जा आणि फक्त सर्च मोहीम निवडा. 'डिस्प्ले नेटवर्क'ची, म्हणजे इतर साइट आणि ॲपमध्ये जाहिरात दाखवण्याची, खूण काढा, नाहीतर जाहिरात गेमच्या ॲपमध्ये फिरते आणि पोरांची बोटं चुकून पडतात. सुरुवातीला 'सर्च पार्टनर्स', म्हणजे गूगलबाहेरच्या साइटवरचे शोध, हेही बंद ठेवा.

शोधशब्द तीन तऱ्हेने देता येतात. नुसता लिहिला तर 'ब्रॉड': गूगल जवळचं वाटेल ते धरतं. अवतरणचिन्हात दिला तर 'फ्रेज': तोच अर्थ असायला हवा, मागेपुढे शब्द चालतात. चौकोनी कंसात दिला तर 'एक्झॅक्ट': अर्थ जवळपास तोच हवा. नव्या माणसाने फ्रेज आणि एक्झॅक्टवरच राहावं. नुसता 'कोल्हापुरी' हा शब्द ब्रॉडमध्ये टाकला तर साज, मसाला, गूळ, तांबडा-पांढरा, सगळ्यांच्या शोधात तुमची चप्पल जाऊन बसू शकते. 'सर्च टर्म्स'चा अहवाल पहिले दोन आठवडे रोज उघडा आणि नको ते शब्द नकारयादीत घाला. 'दुरुस्ती', 'चित्र', 'कशी बनवतात', 'नोकरी', 'जुनी' हे शब्द पहिल्याच दिवशी घालता येतील. घाऊक विक्री करत नसाल तर 'होलसेल'सुद्धा.

दिवसाचं बजेट ३०० रुपये ठेवलं तर एखाद्या दिवशी ६०० जाऊ शकतात. गूगल दिवसाला दुपटीपर्यंत खर्च करतं, पण महिन्याचा खर्च ३०.४ पटींवर थांबतो, म्हणजे ९,१२० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १०,७६२. बोलीची पद्धत 'जास्तीत जास्त क्लिक' घेतली तर दर क्लिकची कमाल मर्यादा नक्की घाला. आपोआप ऑर्डरी आणणारी बोली चौकश्या नीट मोजल्या जाऊ लागल्यानंतर लावा. मोजणीशिवाय त्या यंत्राला शिकायला काहीच नसतं.

सीमेवरची दोन सेटिंगं

ठिकाण निवडताना गूगल आपोआप 'त्या ठिकाणी असलेले किंवा तिथे रस दाखवणारे' असा पर्याय धरतं. फक्त शहरात घरपोच देणाऱ्याने 'प्रेझेन्स', म्हणजे तिथे असलेले किंवा नेहमी असणारे, एवढाच पर्याय ठेवावा. नाहीतर दिल्लीत बसून बेळगावची माहिती शोधणाराही पैसे खातो.

दुसरं करासंबंधी आहे आणि ते जाहिरातवाला सांगत नाही. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर, पण राज्य दुसरं. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना मर्यादेपर्यंत अटींसह सूट आहे. कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत असाल तर राज्याबाहेर माल विकता येत नाही. तेव्हा आपला माल सुटीत बसतो का हे कर सल्लागाराकडून समजून घ्या आणि मगच कोल्हापूर, सांगली, गोवा ही ठिकाणं जाहिरातीत घाला.

ॲनालिटिक्समधल्या शहरांच्या यादीवर इथे फार विसंबू नका. शहर आयपी पत्त्यावरून ताडलं जातं आणि मोबाइलचं इंटरनेट बऱ्याचदा लांबच्या मोठ्या शहराचं नाव दाखवतं. चिक्कोडीतलं गिऱ्हाईक बंगळूरचं दिसू शकतं. म्हणून वहीतला पिनकोड: ५९० म्हणजे बेळगाव शहर आणि लगतचा भाग, ५९१ म्हणजे जिल्ह्यातले तालुके, ४१६ म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडचा पट्टा, ४०३ म्हणजे गोवा. महिनाभराच्या ऑर्डरी या आकड्यांवर लावल्या की जाहिरात कुठे वाढवायची ते स्पष्ट होतं.

'हजार क्लिक आले, मग पैसे कुठे गेले?'

समजा जोडीची किंमत जीएसटी वगळून १,४०० रुपये. चामडं आणि मजुरी ८५०, खोका आणि कुरिअर १२०, पैसे गोळा करण्याचा खर्च २८. हातात राहिले ४०२. क्लिकचा दर ६ रुपये धरू, करासह ७.०८. शंभर क्लिकांत दोन ऑर्डरी येत असतील तर एका ऑर्डरीला ५० क्लिक, म्हणजे ३५४ रुपये. वरवर पाहता ४८ रुपये सुटतात.

आता कॅश ऑन डिलिव्हरीचं घ्या. पाचातली एक जोडी माप बसलं नाही म्हणून परत आली. चार जोड्यांचे १,६०८ आले, परतीच्या जोडीचं जाण्या-येण्याचं कुरिअर २२० गेलं, पाच ऑर्डरींची जाहिरात १,७७०. ताळा उणे ३८२. जाहिरातीवरच्या कराचं क्रेडिट मिळालं तरीही ११२ रुपये तोटा. हजार क्लिक, वीस ऑर्डरी, आणि धंदा आतून पोखरला जातोय.

हाच हिशोब उलटा करा. परतावा धरून दर ऑर्डरीमागे सरासरी २७७ रुपये हातात येतात. त्याला ७.०८ ने भागलं की ३९. म्हणजे ३९ क्लिकांच्या आत एक ऑर्डर यायलाच हवी, नाहीतर ती जाहिरात बंद. स्वतःचे आकडे घालून ही संख्या काढा आणि गल्ल्यावर लिहून चिकटवा.

सुधारायला जागा कुठे असते तेही यातून दिसतं. बोली कमी करून दोन-चार पैसे वाचतात, परतावा कमी केला तर सगळं गणित फिरतं. चपलेच्या पानावर नुसता आठ-नऊ नंबर देऊ नका. कागदावर पाय ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये कसं मोजायचं ते दाखवा आणि कातडं वापरात किती सैल होतं ते सांगा.

'शेजारचाच दाबून माझं बजेट संपवतो'

एकाच ठिकाणाहून वारंवार येणारे क्लिक गूगल बऱ्याच प्रमाणात ओळखतं आणि त्यांचे पैसे लावत नाही किंवा नंतर परत जमा करतं. अहवालात 'इनव्हॅलिड क्लिक्स'चा रकाना जोडून बघा. चुकीच्या शोधशब्दांवर जाणारा पैसा याहून बहुधा मोठा असतो, लक्ष आधी तिकडे द्या.

'ही गिऱ्हाइकावर पाळत नाही का?'

ॲनालिटिक्स तुम्हाला नाव-गाव देत नाही, आणि नाव, फोन नंबर किंवा ईमेल त्यात पाठवायला गूगलची बंदीच आहे. तरी नकळत ते घडतं. फॉर्म भरल्यावर पुढच्या पानाच्या पत्त्यात फोन नंबर उमटत असेल तर तो थेट ॲनालिटिक्समध्ये जातो. एकदा स्वतः फॉर्म भरून पत्त्याची पट्टी वाचा. वहीतले नंबर ही तुमची जबाबदारी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती आणि जपणूक दोन्ही अपेक्षित आहेत. विचारल्याशिवाय नंबर जाहिरातीच्या यादीत टाकू नका.

'एजन्सी पहिल्या नंबरची हमी देते'

गूगलच्या शोधात पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलच सांगतं. हमी देणारा बहुधा तुमच्याच दुकानाच्या नावावर पहिला क्रमांक दाखवतो, जिथे तुम्ही एरवीही असता. एजन्सी नेमायला हरकत नाही, काम वेळखाऊ आहे. फक्त तिच्याकडून क्लिकांचा अहवाल घेऊ नका. किती चौकश्या, दर चौकशीला किती खर्च आणि कुठले शोधशब्द नकारयादीत घातले, हे दर आठवड्याला मागा.

आणि खाती तुमच्या नावावर हवीत. ॲनालिटिक्स, सर्च कन्सोल, ॲड्स, बिझनेस प्रोफाइल (गूगल नकाशावरची दुकानाची नोंद) आणि डोमेन, पाचही तुमच्या जीमेलवर उघडून एजन्सीला त्यात प्रवेश द्या. ॲड्समध्ये त्यासाठी मॅनेजर खात्याची सोय आहे. एजन्सीच्या खात्यात चाललेली मोहीम एजन्सीसोबत निघून जाते आणि जमलेले शोधशब्द, नकारयादी, दिवाळीचे आकडे, सगळं परत शून्यापासून गोळा करावं लागतं. आजच पाचही ठिकाणी लॉग-इन करून बघा. ज्या खात्यात 'ॲडमिन' किंवा 'ओनर' म्हणून तुमचा पत्ता दिसत नाही, तिथला हक्क पुढचं बिल भरण्याआधी लिहून मागा.